अंधार पडण्याआधी पडदे ओढा
आमच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. इंदूरला रामबागेतल्या घरी रोज दिवेलागणीला त्या खिडकीकडे बोट करून म्हणायच्या, "ती बाई आत आलीये, तिला घालवा!" मग हाका, रडणं, दाराची कडी ओढणं. आम्ही समजावत बसायचो आणि त्या आणखी चिडायच्या.

एकदा त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. बाहेर अंधार, आत ट्यूबलाइट. काचेत माझाच चेहरा स्पष्ट दिसत होता. त्यांना स्वतःचं प्रतिबिंब परकं वाटत होतं.

आता ऊन उतरायच्या आत खोलीतले सगळे दिवे लावते, म्हणजे कोपऱ्यात सावल्या राहत नाहीत, आणि पडदे ओढून घेते. कपाटाच्या आरशावर जुनं लुगडं टाकलंय. दारातलं काळं पायपुसणंही काढलं. गडद रंग अशा माणसांना खड्ड्यासारखा भासू शकतो, म्हणून त्या तिथे अडायच्या. त्या वेळी आवाज नको म्हणून टीव्ही बंद, कुकर आधीच लावून ठेवायचा. अनंत चतुर्दशीला राजवाड्याकडे झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहून पाहुणे घरी येतात, तेव्हा सासूबाईंना मागच्या खोलीत नेते, सोबत एकच ओळखीचं माणूस ठेवते.

खोलीतलं सामान मात्र उगीच हलवू नका. जागच्या जागी असलेला पलंग आणि देव्हारा हाच त्यांचा आधार असतो.

चिडचिड अचानक एक-दोन दिवसांत वाढली, तर खोलीत कारण शोधत बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा सांगता न येणारी दुखणी असू शकतात. लगेच डॉक्टरांना दाखवा.