बाजारात अनोळखी माणसाभोवती गर्दी जमली तर

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे, भटक्या डवरी गोसावी समाजाचे. मारणारे कोण? आठवडी बाजाराला आलेली साधी माणसं.

साधा माणूस एकदम क्रूर होत नाही, पायरी पायरीने होतो. अमेरिकेत येल विद्यापीठात 1961 मध्ये मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने एका प्रयोगात हे दाखवलं. समोरच्याला 15 व्होल्टपासून विजेचे झटके द्यायचे, दर वेळी 15 ने वाढवत 450 पर्यंत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 26 जण शेवटपर्यंत गेले. मात्र दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा 40 पैकी फक्त 4 शेवटपर्यंत गेले.

म्हणून आधी दुसरा माणूस गाठा. सगळ्या गर्दीला ओरडू नका. ‘जनावरं आहात’ म्हटलं की ती तुमच्यावरच उलटते. ओळखीचा चेहरा शोधून नावाने हाक मारा: ‘ओ मामा, इकडं या जरा.’ नाव घेतलं की तो माणूस गर्दीतून सुटा होतो. तेवढ्यात तिसऱ्याला 112 लावायला सांगा. पेठ आणि जवळच्या दुकानाची खूण सांगायची.

पायरी ओळखा. ‘आधार दाखव’ ही पहिली, झोळी उपसणं दुसरी, कॉलर धरणं तिसरी. झोळीला हात लागायच्या आतच थांबवायचं. पहिली थप्पड पडली की प्रत्येकाला आपलीही द्यावीशी वाटते. तो निर्दोष आहे की नाही, या वादात शिरू नका. ‘सोड बे, पोलिस येऊ दे’ एवढंच धरून ठेवा. त्यात कुणालाच हार मानावी लागत नाही.

माणूस गोंधळून गप्प राहिला की लोकांना तो चोर वाटतो. बऱ्याचदा त्याला मराठी येत नसतं, एवढंच. सोलापुरात कानडी किंवा तेलुगू बोलणारं कुणीतरी चार पावलांवर सापडतंच. त्याच्याकडून गाव आणि घरच्यांचा नंबर विचारून घ्या, फोन स्पीकरवर लावा. पलीकडून बायकोचा नाहीतर पोराचा आवाज आला की उगारलेले हात खाली येतात.

त्याला कोंडून ठेवू देऊ नका. राईनपाड्यात ग्रामपंचायतीच्या खोलीतच मारलं. दुकानाच्या ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं बसवा, पाणी द्या, आणि पोलिसांची गाडी निघेपर्यंत तुम्ही दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना बसून राहा.