बर्गंडीतल्या जुन्या घरात मुक्काम: निघण्याआधीची तयारी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन शहराच्या दक्षिणेला पॉमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंत्राशे ही द्राक्षगावं एकमेकांना लागून आहेत, तर उत्तरेला न्वी-सां-जॉर्ज आणि जव्रे-शांबेर्तां. या गावांतल्या जुन्या दगडी घरांत पाहुण्यांसाठी खोल्या मिळतात. तिकडे अशा घराला शांब्र दोत म्हणतात. कायद्यानुसार अशा घरात जास्तीत जास्त पाच खोल्या आणि एका वेळी पंधरा पाहुणे ठेवता येतात. न्याहारी आणि चादरी-टॉवेल भाड्यातच धरलेले असतात, आणि घरमालक तिथेच राहत असल्यामुळे स्वागतही तेच करतात. रिसेप्शन नसतं, रात्रपाळीला माणूस नसतो, खाली रेस्टॉरंटही नसतं. हॉटेलात पोचल्यावर जे सहज मागून घेता येतं, ते इथे आधी ठरवून ठेवावं लागतं. त्यामुळे निम्म्याहून अधिक तयारी बुकिंगच्या ईमेलातच उरकते. शोधताना ‘जीत’ नावाच्या घरांपासून शांब्र दोत वेगळं काढा. तिथे अख्खं घर भाड्याने मिळतं, पण स्वयंपाक आपला आपण करायचा असतो.

तारखा ठरवताना मळ्याचं वर्ष समोर ठेवा. द्राक्षकाढणी साधारण सप्टेंबरात होते. २००३ आणि २०२० सारख्या उष्ण वर्षांत मात्र ती ऑगस्टमध्येच सुरू झाली. त्या दोन-तीन आठवड्यांत गाव बघायला सुरेख असतं, पण वाइन चाखायला हा काळ वाईट. मळेवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते, खोल्या तोडणीच्या माणसांनी भरलेल्या असतात आणि गल्ल्यांत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी हॉस्पिस द बोन या बोनमधल्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाचा वाइन-लिलाव असतो आणि त्या आठवड्याच्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात. जानेवारीच्या अखेरीस सां-व्हँसां तूर्नांत हा मळेवाल्यांचा उत्सव दर वर्षी वेगळ्या गावात भरतो. तुमचंच गाव त्या वर्षी यजमान आहे का ते पाहून घ्या. एप्रिलमध्ये नव्या फुटीला थंडी मारते. रात्री पारा शून्याखाली उतरला की ओळींमधून मेणाच्या मोठ्या कुंड्या पेटवतात, काही ठिकाणी वारा फिरवणारे पंखे चालू करतात. २०२१च्या एप्रिलमधल्या थंडीने असंच भयंकर नुकसान केलं होतं. पहाटे तीनला धूर आणि घरघर सुरू होऊ शकते, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्यांनी एप्रिल टाळावा. आमच्या मते मेचा मध्य ते जूनअखेर आणि मग ऑक्टोबर, हे दोन काळ सर्वांत चांगले.

खोली निवडताना फोटोंवर भुलू नका, ईमेल लिहून विचारा. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि जिना कसला आहे, हा पहिला प्रश्न. जुन्या घरांत दगडी गोल जिना असतो. त्याच्या पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या होत जातात आणि लिफ्ट जवळजवळ कधीच नसते. इमारत संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल किंवा अशा वास्तूच्या परिसरात असेल, तर खिडक्या बदलायला किंवा बाहेर एसीचं यंत्र बसवायला मालकालाही परवानगी लागते. म्हणून एसी नाही ही हयगय समजू नका. गुडघ्याचं दुखणं असेल किंवा सोबत वयस्कर माणसं असतील, तर तळमजल्याची खोली नाव घेऊन मागा. बाथरूम खोलीला जोडून आहे की बोळात, हे लेखी विचारा. पलंग एक मोठा आहे की दोन वेगळे, तेही. चर्च किती जवळ आहे हेही विचारायला लाजू नका; अनेक गावांत घंटा रात्रभर तासातासाला वाजते.

त्याच ईमेलात पोचण्याची वेळ कळवा. किल्ली हातात देणारं माणूस एकच असतं आणि ते साधारण दुपारी चार-पाच ते संध्याकाळी सात या वेळेत वाट पाहतं. गाडी चुकली, रस्त्यात उशीर झाला, तर लगेच फोन करा. न कळवता रात्री दहाला दार वाजवणं तिथे फार उद्धट समजलं जातं, आणि कधी कधी दार उघडतही नाही. यजमानांचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा, कारण उंच दगडी भिंतींच्या गल्ल्यांत मोबाइलची रेंज जाते.

आगाऊ रकमेच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. फ्रेंच कायद्यात तिचे दोन प्रकार आहेत. ‘आर’ म्हणून दिली असेल, तर तुम्ही रद्द केल्यास ती रक्कम जाते आणि मालकाने रद्द केल्यास तो तुम्हाला दुप्पट परत देतो. ‘आकोंत’ म्हणून दिली असेल, तर करार दोघांवर पक्का बंधनकारक होतो आणि तुम्ही रद्द केल्यावर उरलेलं भाडंही मागितलं जाऊ शकतं. करारात काहीच लिहिलेलं नसेल, तर ती पहिल्या प्रकारची धरतात. पैसे पाठवण्याआधी कोणता प्रकार ते लेखी घ्या. व्हिसा मिळायचा असेल, तर रद्द करण्याची शेवटची तारीख त्यानंतरची मागून बघा. कार्ड चालतं का हेही विचारा. लहान घरांत रोख किंवा बँकेतून रक्कम पाठवणं एवढेच पर्याय असू शकतात. भाड्यावर माणशी, प्रत्येक रात्रीचा पर्यटन-कर वेगळा लागतो. त्यासाठी सुटे युरो हाताशी असू द्या.

जेवणाच्या तयारीत सर्वांत जास्त गडबड होते, म्हणून इथे घाई करू नका. काही घरांत रात्रीचं जेवणही मिळतं. त्याला ताब्ल दोत म्हणतात. ते फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी असतं, एकाच टेबलावर, सगळ्यांना एकच बेत, आणि निदान आदल्या दिवशी सांगावं लागतं. शाकाहारी असाल तर नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, कोंबडी नाही, डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत, मांसाचा किंवा हाडांचा रस्सा नाही, जिलेटिन नाही, असं एकेक करून लिहा. तिकडे सूप आणि सॉसचा आधारच बहुधा तो रस्सा असतो, आणि मासे चालत असतील असं पुष्कळ जण गृहीत धरतात. अंडं चालत नसेल तर तेही स्पष्ट करा. गुजेर नावाचे चीजचे गोळे शाकाहारी दिसतात, पण त्यांत अंडं असतं. ब्रियोशमध्येही असतं आणि क्रोआसाँवर बहुतेक वेळा वरून अंडं फासलेलं असतं. वाइनमध्ये शिजवलेल्या अंड्यांच्या प्रसिद्ध पदार्थात डुकराचं मांस पडतंच. न्याहारीची मात्र काळजी नको: पाव, लोणी, घरचा जॅम, दही, फळं, कॉफी. ती साधारण आठ ते दहा या वेळेत मिळते. पहाटे निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी सांगा.

ज्या रात्री घरात जेवण नाही, त्या रात्रीचं टेबल आधीच राखून ठेवा. गावातली खाणावळ दुपारी बारा ते दोन आणि रात्री साडेसातच्या सुमारास उघडते. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. रविवारी रात्री आणि सोमवारी बरंच काही बंद असतं, त्यामुळे रविवारी पोचणार असाल तर वाटेतच पाव, चीज आणि फळं घेऊन ठेवा. खोलीत बसून खायला मात्र आधी विचारून घ्या.

वाइन चाखण्याच्या भेटी तीन-चार आठवडे आधी ईमेलने ठरवा. मोठ्या व्यापारी घराण्यांची तळघरं बोनमध्ये रोज उघडी असतात, पण छोट्या दोमेनमध्ये, म्हणजे स्वतःच्या मळ्याची वाइन स्वतः बनवणाऱ्यांकडे, वेळ न घेता गेलात तर दाराशी कुणी भेटत नाही. तिथे वाइन बनवणारी व्यक्तीच तुम्हाला वेळ देत असते, म्हणून किती जण येणार, कोणती भाषा चालेल आणि बाटल्या विकत मिळतील का, हे तिन्ही ईमेलात असू द्या. काहींचा सगळा माल आधीच ठरलेला असतो. दिवसाला दोन भेटी पुरतात, तिसऱ्या भेटीपर्यंत जीभ थकते. त्या दिवशी अत्तर, सुवासिक क्रीम लावू नका. तुमच्यामुळे शेजारच्यालाही वास कळत नाही. गडद रंगाचे कपडे घाला, कारण थुंकदाणीत वाइन थुंकताना शिंतोडे उडतात. थुंकण्यात कसलाही अपमान नाही, जाणकारही तेच करतात. तळघरात उन्हाळ्यातही तापमान बारा अंशांच्या आसपास असतं. ऑगस्ट असला तरी स्वेटर हातात ठेवा आणि तळ न घसरणारे, बंद बूट घाला. काढणीनंतर टाक्यांच्या खोलीत यजमानांशिवाय पाऊलही टाकू नका. रस आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साठतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणूस दगावू शकतो. मळ्यातून चालायचं तर रस्त्यावरून चाला, ओळींत शिरू नका आणि घड तोडू नका. मालकी हक्काचा प्रश्न तर आहेच, शिवाय वेलींवर गंधक आणि तांब्याची फवारणी झालेली असते.

प्रवासाची आखणी वाइनच्या बेतावरून करा. पॅरिसहून दिजाँपर्यंत वेगवान रेल्वेने साधारण दीड तास लागतो, आणि तिथून लोकल गाडीने बोनला वीस-पंचवीस मिनिटं. जव्रे-शांबेर्तां, न्वी-सां-जॉर्ज, मर्सो इथेही लोकल थांबते, पण रात्री गाड्या विरळ होतात आणि गावात टॅक्सी उभी नसते, ती आदल्या दिवशी बोलवावी लागते. दिजाँ ते सांतने असा सुमारे साठ किलोमीटरचा, नामांकित मळ्यांमधून जाणारा ग्रां क्रू मार्ग १९३७ सालचा आहे. गाडी घेतलीत तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे, नव्या चालकांना ०.२, आणि अर्ध्या ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारांनाही लागू होते. म्हणून चाखणाऱ्यांत एक जण त्या दिवशी फक्त थुंकणारा असावा, किंवा त्याने चाखूच नये. गावाबाहेर वेगमर्यादा ८०, काही रस्त्यांवर ९०. पाटी बघत चला. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असते. युरोपबाहेरचा परवाना असेल तर त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. बोन ते सांतनेपर्यंत मळ्यांमधून जाणारी सायकलवाट आहे. तिच्यासाठी सायकल ठेवायला जागा आहे का, हे यजमानांना विचारून घ्या.

बॅग लहान आणि हलकी असू द्या, ती गोल जिन्यावरून तुम्हालाच न्यायची आहे. खोलीत पाण्याची किटली नसतेच असं समजून, परवानगी विचारून, छोटी किटली सोबत ठेवा. जुन्या वायरिंगवर किटली, ड्रायर आणि हीटर एकदम लावलेत तर फ्यूज उडतो. सॉकेट गोल, खोलगट आणि आत अर्थची दांडी पुढे आलेले असतात, २३० व्होल्टचे. त्यात बसणारा अडॅप्टर दोन नग घ्या. गरम पाणी बहुतेक वेळा टाकीतून येतं. सगळ्यांनी एकापाठोपाठ लांब आंघोळ केली तर शेवटच्याला गार पाणी मिळतं. कुणी सकाळी, कुणी रात्री असं वाटून घ्या. गावाबाहेरच्या घरात सांडपाणी स्वतःच्या टाकीत जातं, तिथे शौचालयात ओले टिश्यू (वेट वाइप्स) किंवा पॅड टाकलेत तर सगळ्यांचीच अडचण होते. जाड चुनखडी भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात, पण त्यासाठी दिवसभर लाकडी झडपा बंद आणि रात्री उघड्या ठेवाव्या लागतात. मग डास येतात, म्हणून डासांचं मलम लागेलच. कानात घालायचे बोळे, मऊ तळाच्या चपला आणि छोटी टॉर्च घ्या: लाकडी जमीन रात्री वाजते आणि जिन्यात दिवा लगेच सापडत नाही. पासपोर्ट बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, परदेशी पाहुण्यांकडून पोलिसांसाठीचा फॉर्म भरून घेतला जातो.

बाटल्या आणायच्या असतील तर जाण्याआधीच हिशेब करा. बर्गंडीची भरलेली बाटली साधारण १.३ किलो भरते, म्हणजे सहांचं खोकं आठ किलोच्या घरात. तेवढं वजन बॅगेत मोकळं ठेवा आणि फुगवायच्या किंवा जेलच्या बाटली-पिशव्या इथूनच न्या. चेक-इन सामानातल्या, २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयावर विमानाच्या सुरक्षा-नियमांची मर्यादा नाही, पण उतरणार त्या देशाची करमाफी किती लिटरची आहे ते वेगळं तपासा. मार द बूर्गोन्य हे द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेलं कडक मद्य ४० टक्क्यांच्या वर जातं, त्याला पाच लिटरांची मर्यादा लागते आणि त्याचं खोकं मूळ, सीलबंद असावं लागतं. युरोपीय संघाबाहेर राहत असाल आणि एका दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदी झाली, तर करपरताव्याचा कागद तिथेच मागा. तो विमानतळावर सामान जमा करण्याआधी यंत्रावर स्कॅन करून घ्या, कारण अधिकारी बाटल्या दाखवायला सांगू शकतात. सगळ्या दोमेनना हा कागद देता येत नाही, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने वाइन फुगून बूच वर सरकतं. यजमानांना विचारलंत तर ते त्यांच्या तळघरात कोपरा देतात. निघण्याच्या दिवशी खोली बहुधा दहा-अकराला सोडायची असते. बाटल्या काढून घेणं, कर चुकता करणं आणि किल्ली परत देणं आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा.