माध्यमांवर लघुप्रबंध लिहिताय? या चुका टाळा

‘समाजमाध्यमांचा तरुणाईवर होणारा परिणाम’ हा विषय घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. परिणाम मोजणार कसा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “गूगल फॉर्म पाठवीन, सर.” फॉर्ममधून मुलं स्वतःबद्दल काय सांगतात एवढंच कळतं. परिणाम दाखवायचा तर तुलनेला दुसरा गट हवा, किंवा आधीची आणि नंतरची स्थिती हवी. दोन्ही नसेल तर प्रश्न बदला. मैत्रिणी एकमेकींना कोणत्या रील पाठवतात आणि का, हा प्रश्न लहान आहे, पण त्याचं उत्तर तुम्ही खरोखर मिळवू शकता.

फॉर्मला चारशे उत्तरं आली म्हणून हुरळून जाऊ नका. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कल जाणून घ्यायला सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून उमेदवार लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांमधून घेतले होते, शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतंही सारखी नव्हती. तुमचा फॉर्म कुणाकुणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मालिकांच्या अभ्यासात. तीस भाग पाहायचे, सुना सोसताना दिसतात हे मोजायचं आणि ‘त्यामुळे प्रेक्षक स्त्रिया सोशिक होतात’ असं लिहून मोकळं व्हायचं. माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की एकच संदेश लोक मान्य करतात, त्यात आपली भर घालून घेतात किंवा धुडकावतात. मेथी निवडता निवडता पडद्यावरच्या सुनेला “अगं, बोल की आता!” असं सुनावणारी बाई तुमच्या तक्त्यात कुठे आहे? ती हवी असेल तर तिच्या शेजारी जाऊन बसावं लागेल. तेवढा वेळ नसेल तर निष्कर्ष मालिकेपुरताच ठेवा, त्यात कमीपणा नाही.

कोडिंग, म्हणजे प्रत्येक प्रसंग ठरलेल्या खान्यात नोंदवणं, एकट्याने करू नका. समजा, प्रसंग असा आहे: सासू विचारते, “मग काय करायचं?” सून उपाय सुचवते, मुलगा मान डोलावतो. एक जण लिहितो ‘निर्णय सुनेचा’, दुसरी लिहिते ‘निर्णय सर्वांचा’. दोघांचंही बरोबर, कारण चूक व्याख्येत आहे. निर्णय म्हणजे सुचवणं की शेवटचा शब्द, हे आधी लिहून ठेवा, थोड्या भागांवर दोघांनी स्वतंत्रपणे करून पाहा आणि मगच पुढे जा. दोघांच्या नोंदी किती जुळल्या याची नुसती टक्केवारी देऊ नका. दोनच खाने असतील आणि दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या, तरी निम्म्या जुळतील. म्हणून योगायोगाने जुळलेलं वजा करून जुळणी मोजणारे आकडे, म्हणजे कोहेनचा ‘कॅपा’ किंवा क्रिपेनडॉर्फचा ‘अल्फा’, काढा. अल्फा ०.८० च्या वर असेल तर ठीक. ०.६६७ च्या खाली गेला तर व्याख्या पुन्हा लिहा, आकडा लपवू नका.

वृत्तपत्रांचा नमुना घेताना ‘दर सातवा अंक’ घेतलात की सगळे सोमवारच हाती येतात आणि रविवारच्या पुरवण्या गायब होतात. त्यापेक्षा वर्षभरातून चिठ्ठ्या टाकून एक सोमवार, एक मंगळवार असा आठवडा जुळवा. एका अमेरिकी दैनिकावरच्या १९९३ च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या अंकांसाठी असा एक आठवडा पुरला, त्यावरून वर्षाला दोन पुरतील असा अंदाज मांडला गेला. तो आकडा यूट्यूब वाहिनीला मात्र लावू नका.

मुलाखतीला जाताना परवानगी घ्या, ध्वनिमुद्रण त्याच दिवशी उतरवून काढा. ‘तुम्हाला नाही का वाटत’ने सुरू होणारा प्रत्येक प्रश्न खोडा.

जुन्या ‘केसरी’सारख्या अंकांत संगणकावर शब्द शोधताय आणि निकाल शून्य येतोय? आधी शब्दाचं शुद्धलेखन तपासा. मराठी शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांपूर्वी ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार सर्रास असत, त्यामुळे ‘काही’ टाकून काहीच सापडत नाही. त्यात जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही. दोन्ही रूपांनी शोधा, एखाद्या महिन्याचे अंक हाताने चाळून यंत्राने किती गाळलं ते मोजा. तोवर ‘त्या काळी यावर लिहिलंच गेलं नाही’ हे वाक्य लिहू नका.