यॉर्कमध्ये आठवडाभर असाल तर दिवस असा लावा

इंग्लंडमधल्या यॉर्कला सकाळी दहानंतर गर्दी उसळते. तेव्हा शॅम्बल्सच्या अरुंद गल्लीत धड चालताही येत नाही. मुक्काम गावातच असेल, तर दिवसाची दोन्ही टोकं वापरा.

१. गावाभोवतीच्या जुन्या तटबंदीवरची पायवाट सकाळी आठला उघडते, तिकीट नाही. पूर्ण फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची आहे, पण ती एका दमात उरकू नका, रोज एक तुकडा घ्या. पहिल्या दिवशी बूथम बार ते मंक बार या दोन वेशींमधला. मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं भव्य कॅथेड्रल, इतकं जवळून आणि झाडांच्या वरून दुसरीकडून दिसत नाही.

२. तिथून उतरून दुकानं उघडायच्या आत शॅम्बल्स गाठा. ही पूर्वी खाटकांची आळी होती. मान वर करून पाहा, काही दुकानांवर मांस टांगायचे आकडे अजून आहेत.

३. भर गर्दीची दुपार रेल्वे म्युझियममध्ये घालवा. प्रवेश मोफत.

४. मिन्स्टर बघायला तिकीट लागतं, संध्याकाळच्या इव्हनसाँग या गायनप्रार्थनेला लागत नाही. वेळ आदल्या दिवशी वेबसाइटवर पाहून ठेवा आणि थोडं आधी पोहोचा. ही प्रार्थना आहे, तेव्हा फोटो नाहीत, फिरणंही नाही. पण त्या उंच छताखाली गायकवृंद ऐकायला मिळणं हे मला तरी तिकिटापेक्षा मोलाचं वाटतं.

सांभाळा: तटावर बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. बर्फ पडल्यास तट बंद ठेवतात.