अविवाहित स्त्रीचे मृत्युपत्र : वस्तू मोघम लिहू नयेत
अविवाहित, अपत्यहीन स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल, तर तिच्या वस्तू कायद्याने ठरवलेल्या क्रमानेच नातेवाइकांकडे जातात. आजारपणात जिने मनापासून सेवा केली, त्या भाचीला कदाचित काहीच मिळत नाही. म्हणून ‘दागिने भाच्यांना’ असे मोघम न लिहिता प्रत्येक वस्तूचे ओळखता येईल असे वर्णन, घेणाऱ्याचे पूर्ण नाव व नाते लिहावे, ती व्यक्ती आधी वारल्यास वस्तू कोणाला द्यावी हे सांगावे आणि यादीत न आलेले सर्व काही कोणाचे, हेही आवर्जून नोंदवावे, कारण मने दुखावतात ती अनेकदा अशा राहून गेलेल्या वस्तूंवरूनच. दोन साक्षीदार घ्यावेत. त्यांपैकी कोणीही लाभार्थी नसावा. मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे अंमलबजावणीसाठी नेमलेल्या व्यक्तीला सांगून ठेवावे.