डिजिटल निगेटिव्हवरून सायनोटाइप छापताना

सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली सायनोटाइप ही निळ्या रंगातली छायाचित्र-छपाई अतिनील किरणांवर चालते. निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारा नेहमीचा एन्लार्जर तिच्या कामी येत नाही, त्यामुळे प्रिंट जेवढी हवी तेवढीच निगेटिव्ह (उलट छटांचे चित्र) काचेखाली कागदाला घट्ट टेकवून ठेवावी लागते. ही निगेटिव्ह आता इंकजेट प्रिंटरने पारदर्शक ओएचपी फिल्मवर घरीच काढता येते आणि नागपूरचे ऊन गच्चीवर आयतेच मिळते.

पडद्यावर देखणे दिसणारे छायाचित्र, नुसत्या छटा उलटवून, थेट छापण्याची घाई करू नये. प्रथम, पुढे दिलेले रसायन लावलेल्या कागदाच्या पट्टीवर कोरी फिल्म ठेवून एकेका मिनिटाने वाढत जाणारे एक्स्पोजर, म्हणजे ऊन, द्यावे आणि पट्टी धुऊन वाळल्यावर, ज्या मिनिटानंतर निळा रंग आणखी गडद होत नाही, ते मिनिट वहीत टिपून ठेवावे. त्याच वेळेने काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची २१ पायऱ्यांची पट्टी छापावी आणि ज्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या असतील, त्या संगणकावरील कर्व्हने (छटा कमी-जास्त करण्याच्या सोयीने) वेगळ्या कराव्यात. नागपुरातल्या झीरो माइल स्तंभाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांचे छायाचित्र मी प्रथम कर्व्हशिवाय छापले, तेव्हा त्यांच्या पोटाखालची सावली म्हणजे नुसता निळा डाग झाला होता. कर्व्ह बसवल्यावर त्याच सावलीत पायांच्या कडा उमटल्या. माझ्या मते या कामातला अर्धा वेळ या दोन चाचण्यांना द्यावा.

ओलसर बोट लावल्यावर फिल्मची जी बाजू चिकट लागते, ती शाई धरणारी बाजू असते. छापण्यापूर्वी चित्र आडवे उलटवावे, म्हणजे शाईची बाजू कागदाला टेकूनही प्रिंट सुलट येते. शाई रात्रभर वाळू द्यावी.

हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, प्रत्येकी १०० मिलीलिटर डिस्टिल्ड पाण्यात वेगवेगळे विरघळवावे. वापरण्याच्या वेळीच दोन्ही समप्रमाणात मिसळून पिवळ्या मंद दिव्याखाली कागदावर ब्रशने लावावे. हातमोजे घालावेत. कागदात चुन्याचा अंश नसावा, कारण अल्कलीने हा निळा रंग उडतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर चालतो आणि त्याच्या हवेत वाळवलेला कागद हाताला कोरडा लागला तरी आत दमट राहतो. तो उन्हात ठेवला की काही मिनिटांतच काचेला आतून वाफ धरते आणि निगेटिव्हची शाई कागदावर उतरते. म्हणून कागद कूलर नसलेल्या अंधाऱ्या खोलीत वाळवावा. पावसाळ्यात निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये अगदी पातळ पारदर्शक प्लास्टिक घालावे.

गडद भागांवर राखाडी-तपकिरी झाक आली की प्रिंट उचलून पाण्यात घालावी. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, तेव्हा पहिल्या ट्रेमध्ये चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकावे. फेरिसायनाइडमध्ये बाथरूम धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघू शकतो. पांढऱ्या भागांतला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुऊन प्रिंट सावलीत वाळवावी. निळा रंग पुढच्या दिवसभरात आणखी गडद होतो. फ्रेम करताना मागचा पुठ्ठाही चुनाविरहित घ्यावा आणि भिंतीवर फिकी पडलेली प्रिंट काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवावी, तिचा रंग बराचसा परत येतो.