दुर्बिणीने अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय? बेंबीच्या जखमेबाबत या चुका टाळा

तीन बारीक छिद्रं, दोन-तीन दिवसांत पोरगं घरी, म्हणून घरचे निर्धास्त होतात. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीत जखम पिकण्याचं प्रमाण कमी असतं, हे खरं. पण पिकलीच तर बहुधा बेंबीची पिकते. सुजलेलं अपेंडिक्स अनेकदा तिथूनच पिशवीत घालून बाहेर काढतात. शिवाय बेंबी खोलगट, घाम आणि मळ साचणारी.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे बेंबीत काहीतरी घालणं. आजी मायेनेच तेलाचं बोट फिरवते, कुणी हळद भरतं. तेलामुळे मळ तिथंच चिकटून राहतो. हळदीच्या थराखाली लाली दिसतच नाही, आणि ड्रेसिंगला आलेल्या पोराच्या पोटावर आम्हाला नेमकी लालीच बघायची असते. हळद खरवडून काढताना पोर रडतं ते वेगळंच. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढंच लावा, तेही साबणाने हात धुऊन.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. पट्टी घामाने भिजते, कडा सुटतात, आणि घरचे वरून चिकटपट्टी लावून ती तशीच ठेवतात. भिजलेली पट्टी बदलूनच घ्या. अंघोळ साधारण ४८ तासांनंतर चालते, पण आधी डॉक्टरांना विचारा. जखम स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडी करा, घासू नका. चड्डीचं इलॅस्टिक बेंबीखाली राहू द्या. विहिरीत किंवा पाटात पोहणं जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

वांग्याने पू होतो म्हणून भरीत बंद, भात बंद, हा छळ नको. भूक लागली की डाळ, अंडी, दूध द्या. जखम भरायला प्रथिनं लागतात.

अँटिबायोटिकचा महत्त्वाचा डोस ऑपरेशनच्या आधी, चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात दिलेला असतो. अपेंडिक्स फुटलेलं नसेल तर घरी सहसा आणखी गोळ्या लागत नाहीत. त्या मागून घेऊ नका. फुटलेलं असेल तर मात्र दिलेला कोर्स मधेच सोडू नका.

टाक्याच्या कडेला किंचित लाली चालते. ती पसरतेय अशी शंका आली तर कडेने पेनाची रेघ मारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेघेमुळे वाढ लगेच कळते. पू, वास, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं, यांपैकी काहीही दिसलं तरी थांबू नका. जखम छान दिसत असतानाही १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पोटदुखी, उलट्या किंवा शेंबडासारखे चिकट जुलाब सुरू झाले तर आत पू साचलेला असू शकतो, विशेषतः अपेंडिक्स फुटलेलं असेल तर. अशा वेळी मेडिकलवरून तापाची आणि जुलाब थांबवायची गोळी आणून दिवस काढणं धोक्याचं आहे.

आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही. कधीकधी जखम भरते आणि महिनाभराने त्याच जागी गाठ येते, पाणी झरतं, नेहमीच्या अँटिबायोटिकने हटत नाही. दुर्बिणीची हत्यारं नीट निर्जंतुक झाली नाहीत तर क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले जंतू असा त्रास देतात. गोळ्या बदलत बसू नका. सर्जनकडे जाऊन त्या पाण्याची किंवा गाठीच्या तुकड्याची तपासणी करायला सांगा. त्याचे उपचार वेगळे असतात आणि काही महिने चालतात.